काकू इंग्रजीत सांगतात तेव्हा

मंगळवारी संध्याकाळी काकूंनी आपल्या नवऱ्याला धुण्याचं मशीन इंग्रजीत समजावून सांगितलं, आणि त्या दिवशी काकांना जेवण गेलं नाही.

तसं बघितलं तर सांगण्यात वावगं काहीच नव्हतं. "आय विल एक्स्प्लेन यू द वॉशिंग मशीन," असं म्हणून काकूंनी काकांना मनगटाला धरून मशीनपाशी उभं केलं. "फर्स्ट, ओपन द डोअर. देन, पुट द क्लोद्स. व्हाइट सेपरेट. देन पावडर. नॉट टू मच." प्रत्येक वाक्यानंतर त्या थांबत होत्या, छताकडे बघत होत्या, ओठातल्या ओठात काहीतरी जुळवत होत्या आणि मग पुढचं वाक्य काढत होत्या. काका रंगाच्या दुकानात मॅनेजर. अंगातून काढलेला शर्ट आपला आपणच धुतला जातो, वाळतो आणि घडी होऊन कपाटात जाऊन बसतो, अशी लग्न झाल्यापासून त्यांची प्रामाणिक समजूत होती.

"अगं, पण मला कशाला हे?" काका म्हणाले. "तू आहेस ना?"

काकूंनी मराठीत उत्तर दिलं नाही. तसा नियमच होता. त्यांनी पुन्हा एकदा छताकडे बघितलं, दीर्घ श्वास घेतला आणि एकेक शब्द नीट ठेवत म्हणाल्या, "वन डे, यू विल डू इट अलोन."

काका घाबरून दोन पावलं मागे सरकले.

आता इथे या घराची एक रीत सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढ्याशा इंग्रजीने घाबरायचं काय? तर या घरात इंग्रजी सगळ्यांना थोडंफार यायचं, काकांना दुकानामुळे जरा जास्तच यायचं. पण ते ठेवणीतलं. ते बाहेर निघायचं फक्त वाईट वेळेला. काकांचे वडील गेले तेव्हा काकांनी आपल्या सख्ख्या मावशीला फोन करून "सॉरी टु इन्फॉर्म यू, फादर इज नो मोर" असं कळवलं होतं. मावशीला जन्मात इंग्रजीचं एक अक्षर कळलेलं नव्हतं. ती बिचारी "असू दे रे, असू दे" म्हणाली आणि फोन ठेवून झोपली. काकांच्या बहिणीचं पहिलं ठरत आलेलं लग्न मोडलं, तेव्हाही मुलाकडची मंडळी "वी आर व्हेरी सॉरी" म्हणतच जिना उतरली होती. घरमालकाशी भांडण असो की डॉक्टरांनी बाजूला घेऊन सांगितलेलं काही असो, एरवी तोंड भरून मराठी बोलणारी माणसं त्या वेळी अचानक इंग्रजीवर यायची. त्यामुळे घरात कुणी इंग्रजी वाक्य उच्चारलं की बाकीचे आधी पाण्याचा ग्लास आणायला धावत.

आणि काकूंनी तर एक सोडून आठवडाभराची वाक्यं योजली होती.

त्याचं कारण म्हणजे त्यांची खुर्ची. काकू दातांच्या दवाखान्यात समोरच्या टेबलाशी बसायच्या. खुर्ची साधीच, चाकांची, एक चाक जरा किरकिरं. पण त्या खुर्चीत बसून काकू बोलायला लागल्या की लोक ऐकायचे. सुजलेला गाल हातात धरून, मान डोलावत, शेवटच्या शब्दापर्यंत ऐकायचे. हे सुख घरी नव्हतं. घरी काकूंनी "अहो, आज ना..." एवढं म्हटलं की वर्तमानपत्रामागून "हं" यायचं, आणि त्या "हं"च्या पुढे वाक्य न्यायला जागाच राहायची नाही. नणंद आलेली असली की "अहो" सुद्धा पुरं व्हायचं नाही.

मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी काकूंना आत बोलावलं. "काकू, मी आता अर्धाच वेळ येणार. नव्या डॉक्टर येतायत. हुशार आहेत, हात हलका आहे, पण मराठीचा गंध नाही. शिवाय समोर त्या उंच इमारती झाल्यापासून पेशंटही कुठून कुठून येतात. शनिवारी सकाळी त्या तुमच्या शेजारी बसून बघतील. पाठ केलेलं नकोय बरं का. पेशंटला सांगता आलं पाहिजे, समजावता आलं पाहिजे."

"आणि नाही जमलं तर?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "आत औजारं उकळायला कुणीतरी भरवशाचं हवंच आहे."

औजारं उकळायची खोली काकूंना चांगली ठाऊक होती. खिडकी नाही, सतत वाफ, आणि सोबतीला ट्रेभर चिमटे. चिमट्यांशी काय बोलणार? 'मेले तरी त्या खोलीत जाणार नाही,' काकूंनी मनाशी ठरवलं. काकूंचं ठरवणं म्हणजे सिमेंट, एकदा बसलं की बसलं.

दुपारच्या सुट्टीत त्यांनी भाचीला फोन लावला. भाची दुसऱ्या गावी इंग्रजी बोलण्याचे वर्ग घ्यायची आणि मावशीवर तिचा जीव होता, पण शिकवायला लागली की ती कुणाची नसे.

"मावशी, तुला सगळं इंग्रजी नकोच आहे. तुझं काम सांगण्याचं. तेवढीच क्रियापदं घे. टेल, एक्स्प्लेन, इन्फॉर्म, रिमाइंड, वॉर्न, डिस्क्राइब. रोज एक."

"घेते लिहून. शंभर वेळा घोकते."

"अजिबात नाही! घोकलेलं आयत्या वेळी पळून जातं. क्रियापद रोज जिवंत माणसावर वापरायचं. समोर खरा माणूस हवा आणि गोष्टही खरी हवी. खोटं वाक्य चालणार नाही. आणि मध्ये मराठी घुसडायचं नाही. समोरचा काही का विचारेना, आपण आपलं वाक्य पुरं करायचं."

"आणि कुणी म्हणालं, हे काय चाललंय?"

"तर सांग ना, शिकतेय म्हणून!"

ते मात्र काकूंना मान्य नव्हतं. मागे एकदा त्या स्कूटर शिकायला गेल्या होत्या आणि तिसऱ्याच वळणावर थेट फुलांच्या दुकानात शिरल्या होत्या. लागलं काहीच नाही, पण नणंदेने तो प्रसंग गेली कित्येक वर्षं प्रत्येक लग्नकार्यात साभिनय करून दाखवला होता. फुलांच्या बादलीतून बाहेर येणारी काकू ती इतकी हुबेहूब करायची की आता लोक फर्माईश करत. तेव्हापासून काकूंनी कानाला खडा लावला होता. शनिवारी खुर्ची पक्की होईपर्यंत कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही.

सोमवारचं क्रियापद होतं टेल. काका वर्तमानपत्र वाचत होते. काकू समोर उभ्या राहिल्या. "आय वॉन्ट टु टेल यू समथिंग."

वर्तमानपत्र खाली आलं. काकू क्षणभर गडबडल्या, कारण ते खाली येताना त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. पुढचं वाक्य खरंच असायला हवं होतं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. स्वयंपाकघरात दूध उतू न जाता तापलं होतं, खिडकीतून वारा येत होता, काकांनी चष्मा कपाळावर सरकवला होता. "आय अ‍ॅम हॅपी," काकू म्हणाल्या, "इन धिस हाउस."

"काय?"

"आय अ‍ॅम हॅपी इन धिस हाउस," काकूंनी दुसऱ्यांदा ठणकावून सांगितलं आणि दूध उतरवायला गेल्या. काकांनी वर्तमानपत्र मिटलं. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "बरं नाहीये का तुला?"

"काही नाही हो. सहज," काकू म्हणाल्या. आणि बायकोच्या तोंडचं "काही नाही" म्हणजे नक्की काहीतरी आहे, हे कळण्याइतका संसार काकांचा झाला होता.

मंगळवारी मशीन झालं. बुधवारी इन्फॉर्म. काकूंनी दवाखान्यातून नणंदेला फोन केला. खरी गोष्ट हवी म्हणून फार शोधत बसल्या नाहीत. "आय वॉन्ट टु इन्फॉर्म यू," त्या म्हणाल्या, "दॅट आय अ‍ॅम फाइन."

"वहिनी? अगं काय झालं? कुठून बोलतेयस?"

"आय अ‍ॅम स्पीकिंग फ्रॉम द क्लिनिक. एव्हरीथिंग इज फाइन. थँक यू." वाक्य पुरं झालं. काकूंनी समाधानाने फोन ठेवला.

त्या फोनचं पुढे काय झालं हे काकूंना कळायला शनिवार उजाडावा लागला. आपल्याला आत्ताच कळायला हरकत नाही. नणंदेने ताबडतोब रंगाच्या दुकानात फोन लावला.

"दादा, वहिनीचा फोन आला होता. म्हणाली, आय अ‍ॅम फाइन."

"इंग्रजीत?"

"इंग्रजीत."

काकांनी हातातलं शेडकार्ड खाली ठेवलं.

"काल मला धुण्याचं मशीन शिकवलं गं," काका म्हणाले. "व्हाइट सेपरेट म्हणाली. वन डे यू विल डू इट अलोन म्हणाली."

"अगं बाई! आणि तू मला हे आज सांगतोस?"

"परवा तर म्हणाली, आय अ‍ॅम हॅपी इन धिस हाउस."

"हे तर निरोपाचंच बोलणं झालं रे दादा!"

"रंगही उतरलाय तिचा. आठवड्यापूर्वी चांगली हस्तिदंती होती. आता आमच्याकडे ती धुक्याची शेड येते ना, फारशी कुणी घेत नाही बघ, तशी दिसते."

रंग उतरला होता तो पहाटे उठून वाक्यं जुळवण्याने. पण हे कोण कुणाला सांगणार? नणंद म्हणाली, "दवाखान्यात असते ती. तिथल्या एक्स-रेत काहीतरी दिसलं असणार."

"अगं, दातांचा एक्स-रे असतो तो."

"दात कुठे असतात? डोक्यातच ना?"

काकांनी आपलं डोकं चाचपलं. "विचारू का तिला सरळ?"

"खबरदार! आपल्याला त्रास नको म्हणून बिचारी गिळून बसलीय. तू फक्त तिच्या मनासारखं वाग."

"म्हणजे कसं?"

नणंद पहिल्यांदाच अडखळली. "ते मलाही माहीत नाही रे," ती म्हणाली. "आपण कधी विचारलंय कुठे?"

गुरुवारचं क्रियापद रिमाइंड. ते काकूंनी मुद्दाम नणंदेसाठी राखून ठेवलं होतं. सासऱ्यांची एक आरामखुर्ची होती. आजारपणात त्यांचं सगळं काकूंनी केलं, आणि जाण्याआधी त्यांनी चारचौघांत सांगितलं होतं, "ही खुर्ची सूनबाईची." पण दिवस सरतात न सरतात तोच नणंद "माझी पाठ धरलीय, चार दिवस नेते" म्हणून ती घेऊन गेली. पाठ सुटली, खुर्ची सुटली नाही. काकूंनी दरवेळी "वन्सं, ती खुर्ची..." म्हणावं आणि नणंदेने "अगंबाई, खुर्चीवरून आठवलं" म्हणून तिसरंच काहीतरी काढावं. आता मात्र काकूंनी वाक्य घासूनपुसून तयार केलं होतं. 'आय वॉन्ट टु रिमाइंड यू अबाउट माय चेअर.' संध्याकाळी फोन करायचा आणि एका दमात बोलून टाकायचं.

दवाखान्यातून येऊन त्या चपला काढतात तोच दार वाजलं. दारात नणंद उभी, तिच्या मागे टेम्पोवाला, आणि टेम्पोवाल्याच्या डोक्यावर खुर्ची.

"वहिनी," नणंद म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "तुझी होती. तुझ्या डोळ्यांदेखत तुझ्या घरात यायला हवी."

काकू बघतच राहिल्या. आनंद झाला, नाही असं नाही. पण इतक्या मेहनतीने तयार केलेलं वाक्य वाया गेलं म्हणून जरा चुटपुटही लागली. दिवस असा फुकट घालवायचा नाही म्हणून त्यांनी शुक्रवारचं क्रियापद आजच काढलं. खुर्चीला हलवून बघितलं, मागचा पाय डगडगत होता. नणंद डोळे पुसत बसायला टेकणार एवढ्यात काकूंनी हात वर केला.

"आय वॉर्न यू. द बॅक लेग इज वीक. डोन्ट सिट फास्ट."

"अशा अवस्थेत माझी काळजी करतेस गं!" नणंदेने हुंदका दिला आणि ती अगदी सावकाश जमिनीवर बसली. मग राहायलाच आलेय म्हणून तिने सांगितलं. तिने स्वयंपाकघराचा ताबा घेतला, काकूंना ताटावरून उठू दिलं नाही, आणि सगळ्यात नवल म्हणजे काकू बोलत असताना ती मध्ये बोलली नाही. काकू एकदा "आज ना दवाखान्यात..." म्हणाल्या आणि सवयीने थांबल्या. दोघं भाऊबहीण श्वास रोखून पुढे काय ते ऐकायला बसलेले. काकूंना आठवेचना, पुढे काय सांगायचं होतं ते. एवढ्या लांबवर वाक्य नेण्याची सवयच राहिली नव्हती.

शुक्रवारी काकूंनी डिस्क्राइब उरकलं. काका समोर होते, त्यांचंच वर्णन केलं. "आय विल डिस्क्राइब यू. यू आर अ गुड मॅन. यू आर लिट्ल फॅट. यू डोन्ट लिसन. अ‍ॅट नाइट यू मेक बिग साउंड." प्रत्येक वाक्याला काका मान हलवत होते आणि त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं. वर्णन संपल्यावर ते उठले आणि पांढरे कपडे वेगळे काढू लागले. त्यात त्यांनी एक पिवळा टॉवेलही घातला होता. काकूंनी तो तसाच राहू दिला.

काकूंनाही आता संशय आलाच होता. या दोघांना माझ्या दवाखान्यातल्या खुर्चीचं कळलंय, त्या मनात म्हणाल्या. डॉक्टर रंग घ्यायला दुकानात गेले असतील, बोलले असतील. त्याशिवाय ही एवढी माया उतू जाणं शक्य नाही. जेवताना त्यांनी सरळच विचारलं, "तुम्हाला कळलंय ना सगळं?"

काका आणि नणंद एकमेकांकडे बघू लागले. काका कसेबसे म्हणाले, "अंदाज आलाय."

"मग लपवाछपवी कशाला? उद्या शनिवार. सकाळी काय तो निकाल लागेल."

"उद्याच?" नणंदेच्या हातातला डाव खाली पडला.

"हो. पण मी सांगून ठेवते, मी हार मानणारी नाही. इतकी वर्षं काढलीत, अशी सहजासहजी जागा सोडणार नाही."

"लढ गं बाई, लढ!" नणंदेने काकूंना मिठी मारली. "आम्ही आहोत तुझ्या मागे."

"आणि समजा नाहीच जमलं," काकूंचा आवाज जरासा ओला झाला, "तर मग काय, आत. अंधारी खोली, आणि वाफ."

काका ताटावरून उठून गॅलरीत गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

शनिवारी सकाळी काकू इस्त्रीची साडी नेसून आपल्या चाकांच्या खुर्चीत बसल्या. त्या साडीवर आज एक पिवळट झाक होती, पण तिच्याकडे बघायला वेळ नव्हता. शेजारी स्टुलावर नव्या डॉक्टर. चेहऱ्याने शांत, हातात कॉफीचा कप. समोरच्या बाकावर पेशंट गच्च. पहिला आला तो समोरच्या इमारतीतला एक तरुण, गाल टम्म फुगलेला. त्याची दाढ नुकतीच काढली होती. घरी गेल्यावर काय काय जपायचं ते काकूंनी सांगायचं होतं.

काकूंनी तोंड उघडलं. "आय..." त्या म्हणाल्या. छताकडे बघितलं. छतावर पंखा फिरत होता. "आय टेल... आय एक्स..." आणि सगळी क्रियापदं एका झटक्यात पळाली. घरी कशी झरझर यायची! पण तिथे समोर आपली माणसं होती. हा फुगलेला गाल परका, शेजारची बाई परकी. काकूंच्या कपाळावर घाम आला. नव्या डॉक्टरांनी कप खाली ठेवला आणि आतल्या खोलीच्या दाराकडे एकदा बघितलं. निदान काकूंना तरी तसं वाटलं, आणि त्यांना वाफेचा वाससुद्धा आला.

तेवढ्यात बाहेरचं दार धाडकन उघडलं. काका आत शिरले. मागून पदर खोचलेली नणंद.

"डॉक्टर कुठायत?" काका ओरडले. "मला खरं काय ते ऐकायचंय. किती दिवस आहेत तिच्याकडे?"

"काही लपवू नका हो डॉक्टर!" नणंदेने सूर लावला. "दातातून सुरू झालं आणि कुठवर गेलंय?"

बाकावरचे पेशंट चपापले. "दातातून कुठवर जातं?" कवळी बसवायला आलेल्या एका आजोबांनी शेजारच्याला विचारलं. शेजारच्याने उत्तर न देता पिशवी उचलली. तिघेचौघे उठलेच. एक बाई आपल्या मुलीचं तोंड उघडून आत बघू लागली. आतून म्हातारे डॉक्टर हातात आरसा घेऊन धावत आले. नव्या डॉक्टर उभ्या राहिल्या. "व्हॉट इज हॅपनिंग? हू इज डाइंग?"

काकूंनी एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा नणंदेकडे. मग सगळा आठवडा त्यांच्या डोळ्यांसमोरून गेला. मशीन, खुर्ची, टॉवेल, सगळं. त्यांचा पारा चढला. माझी खुर्ची जातेय आणि ही माणसं इथे तमाशा करतायत! त्या ताडकन उठल्या. किरकिरं चाक मागे भिंतीवर जाऊन आदळलं.

"सिट!" काकू म्हणाल्या. "आय अ‍ॅम टेलिंग यू. बोथ. सिट डाउन."

काका बसले. नणंद बसली. उठलेले पेशंट बसले. म्हातारे डॉक्टरही जवळचं स्टूल ओढून बसले.

"आय इन्फॉर्म यू. आय अ‍ॅम नॉट सिक. आय अ‍ॅम नॉट डाइंग."

"देन व्हाय वॉशिंग मशीन?" काकांनी विचारलं. प्रसंग गंभीर असल्यामुळे तेही इंग्रजीवर आले होते.

"आय विल एक्स्प्लेन," काकू म्हणाल्या, आणि या खेपेला त्यांनी छताकडे बघितलंच नाही. "धिस इज माय चेअर. नो इंग्लिश, नो चेअर. सो आय प्रॅक्टिस. एव्हरी डे, वन वर्ड. ऑन यू, बिकॉज अदर पीपल आर बिझी." मग त्या नव्या डॉक्टरांकडे वळल्या. "डॉक्टर, दे आर माय फॅमिली. इन अवर हाउस, पीपल स्पीक इंग्लिश ओन्ली व्हेन समवन इज डेड. आय स्पोक फुल वीक. सो दे केम."

नव्या डॉक्टरांनी तोंडावर हात धरला, पण हसू काही आवरेना. आणि तो फुगल्या गालाचा तरुण मधल्या मध्ये तसाच उभा. काकूंची जीभ आता सुटलेली होतीच. "यू," त्या त्याला म्हणाल्या, "नो हॉट टी टुडे. सॉफ्ट फूड. डोन्ट टच विथ टंग. कम मंडे. इफ यू स्मोक, आय वॉर्न यू, इट विल पेन लाइक फर्स्ट डे." तरुणाने शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं आणि खिशातलं सिगारेटचं पाकीट काढून काकूंच्या टेबलावर ठेवून गेला.

नव्या डॉक्टर म्हाताऱ्या डॉक्टरांच्या कानाशी काहीतरी बोलल्या. ते उठून आले. "काकू, त्या म्हणतायत, खुर्ची तुमचीच. एवढे पेशंट एका शब्दात बसलेले त्यांनी आजवर बघितले नाहीत. मीही नाही, खरं सांगायचं तर."

काकूंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी भिंतीजवळची खुर्ची ओढून घेतली, बसल्या, आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

संध्याकाळी घरी जाताना काका दोन पावलं मागून चालत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे ती सगळी प्रॅक्टिसच होती तर."

"मग?"

"ते सोमवारचंसुद्धा? धिस हाउस वगैरे?"

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं होतं. "खोटं वाक्य चालणार नाही असा नियम होता," त्या म्हणाल्या. काकांनी काकूंच्या हातातली पिशवी घेतली आणि पुढचा सगळा रस्ता आपल्याच मालकीचा असल्यासारखे चालले.

घर आलं. आणि ठणठणीत माणसाच्या घरात जे होतं ते सगळं झालं. काकांनी शर्ट काढून पलंगावर टाकला आणि वर्तमानपत्र उघडलं. नणंद चहाची वाट बघत सोफ्यावर पाय वर घेऊन बसली. काकूंना आपण पुन्हा घरी आलो असं वाटलं, आणि का कोण जाणे, जरा उदासच वाटलं.

"चला, छान झालं बाई," नणंद म्हणाली. "आता तू काही कुठे जात नाहीस. मग मी उद्या निघते. टेम्पोवाल्याला सांगून ठेवलंय, जाताना खुर्चीही नेते. माझी पाठ परत धरायला लागलीय. आणि काय गं, पुढच्या महिन्यात लग्न आहे ना, तिथे सांगणार आहे मी हे सगळं! तू उठून सिट म्हणालीस तेव्हा तुझं तोंड..."

"वन्सं, ती खुर्ची मामंजींनी..." काकू म्हणाल्या.

"अगंबाई, खुर्चीवरून आठवलं..."

"अहो, तुम्ही तरी सांगा ना वन्संना..."

"हं," वर्तमानपत्रामागून आवाज आला.

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. चहाचं पाणी उकळत होतं आणि त्याची वाफ तोंडावर येत होती. त्यांनी गॅस बंद केला. हात पुसले. सावकाश चालत खुर्चीपाशी आल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"आय वॉन्ट टु इन्फॉर्म यू," काकू म्हणाल्या.

वर्तमानपत्र खाली आलं. नणंदेचे पाय सोफ्यावरून आपोआप जमिनीवर आले.

"द चेअर स्टेज हिअर."

काका उठले, पलंगावरचा शर्ट उचलला आणि मशीनपाशी नेऊन ठेवला, पांढऱ्यांत. नणंद पाण्याचा ग्लास घेऊन आली आणि काकूंच्या हाताशी ठेवून मुकाट्याने पुन्हा बसली. काकू डगडगता पाय सांभाळून खुर्चीत टेकल्या आणि मान मागे टाकली. दोघंही त्यांच्याकडे बघत होते, पुढे काय सांगतायत म्हणून. पुढचं वाक्य काकूंना येत नव्हतं. पण ऐकणारे थांबलेले होते, आणि काकूंना अजिबात घाई नव्हती.